श्रीअरविंदांची बडोद्यातील तेरा वर्षे

दांडिया बाजारातला श्रीअरविंद निवास बडोदेकरांना दाखवावा लागत नाही. आपण त्यावरून नेहमी जातो, बाहेरगावचा पाहुणा आला तर त्याला आवर्जून आत नेतो आणि सांगतो की पुदुच्चेरीचे श्रीअरविंद एके काळी येथे राहत होते. पण ते येथे काय करीत होते, असे पाहुण्याने विचारले की आपली माहिती आटोपते. महाराजांच्या नोकरीत होते, कॉलेजात इंग्रजी शिकवीत, एवढे सांगून आपण सूरसागराकडे वळतो.

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही ही तेरा वर्षे मुद्दाम निवडली. आपली संस्कृती आपल्याला जन्मानेच मिळते, असे आपण धरून चालतो. मूळ गाव सोडून चार-पाच पिढ्या झालेल्या आपल्यासारख्या घरांत ही गोष्ट आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. आरतीनंतर मंत्रपुष्पांजली सगळे खड्या आवाजात म्हणतात, अथर्वशीर्षाची आवर्तने होतात. पण अथर्वशीर्ष हे एक उपनिषद मानले जाते आणि त्यात गणपतीला प्रत्यक्ष ब्रह्म म्हटले आहे, म्हणजे नेमके काय म्हटले आहे, असे इंग्रजी माध्यमातल्या नातवाने विचारले तर आजोबाही क्षणभर थांबतात. अरविंद घोष यांना जन्माने यातले काहीच मिळाले नव्हते. मिळू नये अशी तजवीज त्यांच्या वडिलांनीच केली होती. विसाव्या वर्षी मायदेशी उतरून त्यांनी हा वारसा अभ्यासाने मिळवला. तो त्यांनी आपल्या या गावात मिळवला, आणि त्यात त्यांना सोबत होती ती बरीचशी मराठी माणसांची.

साहेब करायला निघालेला मुलगा

अरविंदांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ रोजी कोलकात्यात झाला. वडील कृष्णधन घोष हे विलायतेत शिकून आलेले डॉक्टर. रंगपूर आणि खुलना येथे सिव्हिल सर्जन म्हणून त्यांनी नाव कमावले. गोरगरिबांसाठी हात सैल सोडणारा हा माणूस पाश्चात्त्य राहणीचा मात्र कट्टर भक्त होता. आई स्वर्णलता ही ब्राह्मो समाजातील थोर पुरुष राजनारायण बसू यांची कन्या. ज्यांचे आजोबा बंगालमध्ये राष्ट्रीय भावनेचे आद्य पुरस्कर्ते म्हणून ओळखले जात, त्या मुलांना घरात बंगाली बोलायचीही सवय लागू दिली गेली नाही. घरात इंग्रजी आणि नोकरांशी हिंदुस्थानी असा व्यवहार होता. पाचव्या वर्षी अरविंदांना दार्जिलिंगच्या कॉन्व्हेंटमध्ये घातले. १८७९ मध्ये, सातव्या वर्षी, दोन थोरल्या भावांबरोबर त्यांची रवानगी इंग्लंडला झाली.

मँचेस्टरमध्ये ड्रुएट नावाच्या पाद्र्याच्या घरी मुलांना ठेवले. मुलांचा कोणा हिंदी माणसाशी परिचय होऊ नये आणि हिंदुस्थानचा कसलाही संस्कार त्यांच्यावर घडू नये, अशी वडिलांची ताकीद होती. ती काटेकोरपणे पाळली गेली. लंडनचे सेंट पॉल्स स्कूल, पुढे केंब्रिजचे किंग्ज कॉलेज, आणि दोन्ही ठिकाणी शिष्यवृत्ती. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच या भाषा त्यांना घरच्यासारख्या झाल्या. १८९० च्या आय. सी. एस. परीक्षेत ते अकरावे आले, आणि ग्रीकमध्ये तर पहिले. इकडे वडिलांकडून पैसे वेळेवर येत नसत. लंडनच्या थंडीत पुरेसे गरम कपडे आणि पोटभर जेवण यांविना या भावांनी बराच काळ काढला.

गंमत अशी की ज्या वडिलांनी हिंदुस्थान तोडला, त्यांनीच तो पुन्हा पाठवायला सुरुवात केली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या वागणुकीचा त्यांना कडू अनुभव आला होता. हिंदी लोकांवरील अन्यायाच्या बातम्यांवर खुणा करून ते वर्तमानपत्र मुलांना धाडू लागले. केंब्रिजमध्ये अरविंदांच्या मनात देशाविषयी आस्था जागी झाली ती अशी. इंग्लंडमध्येच मॅक्सम्यूलर यांच्या इंग्रजी भाषांतरातून त्यांनी उपनिषदे प्रथम पाहिली. आत्मा म्हणजे काय असावे याची कल्पना करण्याचा त्यांनी प्रयत्न केला; पण ती कल्पनाच राहिली. परक्या भाषेच्या खिडकीतून आपल्याच घरात डोकावण्यासारखे ते होते.

आय. सी. एस. मध्ये घोडेस्वारीच्या परीक्षेला ते हजर राहिले नाहीत आणि १८९२ मध्ये त्यांचे नाव वगळले गेले. ही नोकरी त्यांना नकोच होती. त्याच वेळी सयाजीराव महाराज लंडनमध्ये होते. जेम्स कॉटन नावाच्या स्नेह्याने गाठ घालून दिली आणि दरमहा २०० रुपयांवर हा तरुण बडोद्याच्या नोकरीत रुजू करून घेण्यात आला.

अपोलो बंदर आणि एक हुकलेली भेट

६ फेब्रुवारी १८९३ रोजी अरविंद मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. पाय जमिनीला लागताच एक विलक्षण शांतता आपल्यावर उतरली आणि पुढे कित्येक महिने ती टिकली, असे त्यांनी उत्तरायुष्यात नमूद केले आहे. तोवर त्यांनी योगाभ्यास केलेला नव्हता. मुलगा ज्या जहाजाने येणार ते पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ बुडाले, अशी चुकीची वार्ता वडिलांच्या कानी गेली होती. मुलगा मुळात त्या जहाजावर नव्हताच. पण त्या धक्क्याने, मुलाचे नाव घेत, डॉक्टरांनी डिसेंबर १८९२ मध्ये प्राण सोडला होता.

पुढच्या वर्षी अरविंद देवघरला आजोळी गेले. आईचे मानसिक स्वास्थ्य बिघडलेले होते. समोर उभा असलेला हा उंच तरुण आपला मुलगा आहे हे तिला पटेना. लहानपणी बोटाला झालेल्या जखमेची खूण दाखवल्यावर तिने त्याला ओळखले. आईशी तिच्या भाषेत धड बोलताही येत नाही, अशा अवस्थेत हा मुलगा घरी परतला होता. त्यांच्या पुढच्या सगळ्या अभ्यासामागे ही खंत किती होती, ते आम्ही सांगू शकत नाही. पण ती वाचताना आमच्यापैकी अनेकांना आपल्या परदेशी वाढणाऱ्या नातवंडांची आठवण होईल.

१८९३ हे साल तसे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच सप्टेंबरात स्वामी विवेकानंद शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत उभे राहिले. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने मूळ धरले तेही याच सुमारास. आपण कोण आहोत, हा प्रश्न सुशिक्षित हिंदी माणसाला एकाच वेळी अनेक ठिकाणी पडू लागला होता.

कचेरी, कॉलेज आणि कंदील

बडोद्यात अरविंदांनी सुरुवातीला सेटलमेंट खात्यात उमेदवारी केली, मग स्टॅम्प आणि महसूल खाते, मग हुजूर कचेरी. महाराजांना एखादे महत्त्वाचे पत्र वा भाषण लिहून हवे असले की राजवाड्यावरून बोलावणे येई. कचेरीच्या कामात त्यांचा जीव रमला नाही. १८९७ पासून ते बडोदा कॉलेजात फ्रेंच शिकवू लागले, पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नंतर उपप्राचार्य आणि काही काळ हंगामी प्राचार्यही.

सयाजीराव महाराजांचा उल्लेख येथे केवळ धनी म्हणून करणे योग्य नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकरी मुलगा १८७५ मध्ये दत्तक घेतला गेला तेव्हा त्याला लिहिता-वाचताही येत नव्हते. त्या मुलाने शिकून असे राज्य उभे केले की जेथे गुणी माणसाला वाव होता. स्वतः शिकून मोठा झालेला राजा आणि स्वतः शिकून हिंदी झालेला प्राध्यापक एकाच गावात होते, ही गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते.

अरविंदांची राहणी साधी होती. साधे धोतर, अंथरुणाला काथ्याची चटई, थंडीत एक स्वस्तातली चादर. त्यांना बंगाली शिकवण्यासाठी दीनेंद्रकुमार रॉय नावाचे लेखक काही काळ बडोद्यात येऊन राहिले होते. त्यांनी लिहून ठेवले आहे की मध्यरात्र उलटून जाईपर्यंत रॉकेलच्या दिव्याखाली अरविंद वाचत बसत. डास फोडून काढत, पण त्यांचे लक्ष पुस्तकावरून हलत नसे. आत्माराम राधाबाई सगुण आणि थॅकर स्पिंक या दोन पुस्तकविक्रेत्यांकडून पुस्तकांची पेटारे भरभरून पार्सले येत. रा. ना. पाटकर या त्यांच्या विद्यार्थ्याची आठवण अशी की पगाराचे पैसे आले की ते सगळे एका तबकात ओतून टेबलावर उघडे ठेवलेले असत. हिशेब नाही, कुलूप नाही. विचारले तर आपण प्रामाणिक माणसांत राहतो याचीच ही खूण, असे ते हसून सांगत.

या रात्रींच्या वाचनात संस्कृत आले. केंब्रिजमध्ये तोंडओळख झाली होती तेवढीच शिदोरी. बडोद्यात त्यांनी महाभारतातले नलोपाख्यान घेतले आणि तेच पुन:पुन्हा, शब्द न् शब्द पारखून वाचले. ते एकच आख्यान पुरते पचल्यावर बाकीचे साहित्य त्यांना खुले झाले. मग रामायण, कालिदास, भर्तृहरीचे नीतिशतक, गीता आणि उपनिषदे. रामायण-महाभारताच्या काही भागांची त्यांनी इंग्रजी भाषांतरे केली. रमेशचंद्र दत्त बडोद्यात आले तेव्हा त्यांनी ती पाहिली आणि आपली स्वतःची भाषांतरे छापल्याचा त्यांना खेद वाटला, अशी हकीकत सांगितली जाते. भाषा शिकण्याची ही रीत आपल्या जुन्या पाठशाळांना परकी नव्हती: थोडे घ्यावे, पण ते असे घ्यावे की पुन्हा सोडावे लागू नये.

मराठी मित्रमंडळ

बडोद्यातील त्यांचा गोतावळा मुख्यतः मराठी होता. दांडिया बाजारातला तो बंगला खासेराव जाधव यांचा. खासेराव राज्यातले मोठे अधिकारी. त्यांचे धाकटे बंधू माधवराव सैन्यात होते. अरविंदांचा मुक्काम पुष्कळ काळ या घरी होता. माधवराव तर त्यांच्या राजकीय गुप्त कार्यातही सामील झाले. केशवराव गणेश देशपांडे हे केंब्रिजपासूनचे मित्र. मुंबईच्या 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी विभागाचे ते संपादन करीत तेव्हा, ऑगस्ट १८९३ पासून, त्यांनी अरविंदांकडून लेखमाला लिहवून घेतली. नुकत्याच विलायतेहून आलेल्या एकवीस वर्षांच्या तरुणाने काँग्रेसच्या अर्ज-विनंत्यांच्या राजकारणावर असे कोरडे ओढले की न्यायमूर्ती रानड्यांनी मालकांना सावध केले. लेखमालेचा सूर उतरवावा लागला आणि पुढे ती बंदच पडली. देशपांडे नंतर बडोद्याच्या नोकरीत आले.

लोकमान्य टिळकांशी भेट झाली ती १९०२ च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये. टिळक त्यांना मांडवाबाहेर घेऊन गेले आणि मैदानात तासभर बोलत राहिले. पुढची अठरा वर्षे टिळकांविषयीचा त्यांचा आदर कायम राहिला. बाजीप्रभू देशपांड्यांच्या बलिदानावर अरविंदांनी इंग्रजीत दीर्घ काव्य लिहिले आणि ते १९१० मध्ये त्यांच्या 'कर्मयोगिन्' साप्ताहिकात छापले, हे आपल्यातही थोड्यांना ठाऊक असते. होमर आणि व्हर्जिल ज्याला मूळ भाषेत पाठ, त्याला पावनखिंडीतला वीर त्या तोडीचा वाटला.

ग्रंथातून अनुभवाकडे

इथवरची कथा एका मोठ्या विद्वानाची झाली. तशी विद्वत्ता त्या काळी इतरांकडेही होती. अरविंदांचे वेगळेपण असे की उपनिषदांत जे सांगितले आहे ते खरे आहे का, हे त्यांनी स्वतःवर तपासायला घेतले.

काही अनुभव न मागता आले होते. कमाठी बागेजवळ घोडागाडीला अपघात होता होता टळला तेव्हा आपल्यातूनच एक तेजस्वी पुरुष प्रकटून सूत्रे हाती घेतो आहे असे त्यांना जाणवले. १९०३ मध्ये महाराजांबरोबर काश्मीरला गेले असता शंकराचार्यांच्या टेकडीवर सर्वत्र एक निराकार अनंत पसरलेले भासले. नर्मदाकाठी कर्नाळीच्या कालीमंदिरात गेले तेव्हा, मूर्तिपूजेवर विश्वास नसलेल्या या माणसाला, मूर्तीत जिवंत अस्तित्व जाणवले. जवळच चांदोदला गंगामठात स्वामी ब्रह्मानंद राहत. दर्शनाला येणाऱ्यांकडे ते सहसा डोळे उघडून पाहत नसत. अरविंदांकडे मात्र त्यांनी पूर्ण दृष्टी टाकून पाहिले, असे सांगतात. त्यांचे शिष्य देवधर नावाचे इंजिनियर होते. त्यांच्याकडून अरविंदांनी प्राणायाम शिकून घेतला आणि रोज कित्येक तास केला.

१९०१ मध्ये त्यांचा मृणालिनीदेवींशी विवाह झाला. समुद्रपर्यटनाबद्दल प्रायश्चित्त घ्या, असे तेव्हा सुचवण्यात आले होते. अरविंदांनी साफ नकार दिला. ज्याला आपण पुढे सनातन धर्माचा मोठा भाष्यकार म्हणून ओळखतो त्याने हा नकार दिला, हे विसरू नये. तत्त्व आणि रूढी यांतला फरक त्यांना प्रथमपासून कळत होता. ३० ऑगस्ट १९०५ च्या पत्रात त्यांनी पत्नीला आपली तीन वेडे कळवली: आपल्याजवळ आहे ते देवाचे आहे, त्यातले निर्वाहापुरते घेऊन बाकीचे परत करायचे, देव आहे तर त्याला प्रत्यक्ष पाहायचेच, आणि देश म्हणजे नद्या-डोंगर-शेते नव्हेत, ती आई आहे. या पत्राने मृणालिनीदेवींच्या वाट्याला काय आले असेल याचाही विचार मनात येतो. पतीच्या वाटेवर त्यांना फार थोडे बरोबर चालता आले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्या गेल्या.

त्याच वर्षी, १९०५ मध्ये, 'भवानी मंदिर' ही छोटी पुस्तिका निघाली. भवानीच्या उपासनेतून देशकार्यासाठी वाहून घेतलेले संन्यासी तयार करावेत, अशी तिची योजना होती. मंदिर उभे राहिले नाही, पण केशवराव देशपांड्यांच्या पुढाकाराने गंगनाथ विद्यालय निघाले. १९१० मध्ये तेथे बेळगाव भागातले एक तरुण शिक्षक येऊन मुख्याध्यापक झाले. आपण त्यांना काका कालेलकर म्हणून ओळखतो. सरकारच्या दबावाने १९१२ मध्ये ते विद्यालय बंद पडले.

लेले आणि तीन दिवस

बंगालची फाळणी झाली आणि १९०६ मध्ये अरविंदांनी बडोदे सोडले. येथे सातशेवर पगार होता. कोलकात्याच्या नॅशनल कॉलेजात ते दीडशेवर प्राचार्य झाले. 'वंदे मातरम्' पत्रातून त्यांचे नाव देशभर झाले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली आणि तेथून ते पुन्हा बडोद्याला आले. स्टेशनवर विद्यार्थ्यांनी गाडीचे घोडे सोडले आणि आपल्या जुन्या प्राध्यापकांची गाडी स्वतः ओढीत नेली.

त्या धामधुमीत अरविंदांना हवे होते ते वेगळेच. साधनेत आपण अडलो आहोत, कोणी जाणकार भेटावा, असे त्यांना वाटत होते. धाकटे बंधू बारींद्र यांनी विष्णू भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्यांना तार करून ग्वाल्हेरहून बोलावून घेतले. खासेरावांच्या घरी भेट झाली. मग सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या एका खोलीत दोघे तीन दिवस बसले. बाहेर लोक नेत्याला शोधत होते. लेल्यांनी एवढेच सांगितले की विचार आपल्या आत उत्पन्न होतात असे वाटते, पण ते बाहेरून येतात. येताना पाहा आणि आत शिरण्याआधी परतवा. अरविंदांनी तसे केले आणि मन पूर्ण निःशब्द झाले. जग एखाद्या पडद्यावरच्या चित्रासारखे दिसू लागले, खरे उरले ते एक निर्गुण तत्त्व. इंग्लंडमध्ये ज्या आत्म्याची नुसती कल्पना करून पाहिली होती, तो पंधरा-सोळा वर्षांनी बडोद्याच्या एका वाड्यात प्रत्ययाला आला.

लगेच मुंबईत भाषण होते. मनात एकही विचार नाही, बोलायचे काय? लेल्यांनी सुचवले की श्रोत्यांना नमस्कार करून उभे राहावे, बोलणे आपोआप येईल. तसेच झाले. त्या जानेवारीत पुणे, नाशिक, धुळे, अमरावती, नागपूर येथे अरविंद बोलले ते याच अवस्थेत. आपल्या पणजोबांपैकी कोणी तेव्हा त्या सभांना असतील, तर त्यांनी ऐकलेल्या भाषणांमागे ही गोष्ट होती.

कोठडीतली गीता

मे १९०८ मध्ये माणिकतळा बाँब प्रकरणात अरविंदांना अटक झाली. अलीपूरच्या तुरुंगातली कोठडी नऊ फूट लांब, पाच-सहा फूट रुंद. पहिले काही दिवस मन डळमळले. मग घरून पुस्तके मागवण्याची परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी गीता आणि उपनिषदे मागवली. बडोद्यात कमावलेले संस्कृत येथे उपयोगी पडले. तुरुंगाच्या भिंती, पहारेकरी, चोर-दरोडेखोर, न्यायाधीश, सरकारी वकील, सर्वांच्या ठिकाणी वासुदेवच दिसू लागला, असे त्यांनी सुटकेनंतर उत्तरपाडा येथे ३० मे १९०९ रोजी सांगितले. खटला ज्यांच्यापुढे चालला ते न्यायाधीश बीचक्रॉफ्ट आय. सी. एस. च्या परीक्षेत ग्रीकमध्ये त्यांच्या खालोखाल आलेले. चित्तरंजन दासांनी बचाव केला आणि ६ मे १९०९ रोजी अरविंद निर्दोष सुटले.

उत्तरपाड्याच्या भाषणात त्यांनी सनातन धर्म हेच आपले राष्ट्रीयत्व असे मांडले. हे वाक्य पुढे अनेकांनी अनेक अर्थांनी वापरले. पण त्याच भाषणात त्यांनी हेही स्पष्ट केले की जो धर्म एखाद्या पंथापुरता वा देशापुरता असेल तो सनातन असूच शकत नाही. जो सर्वांना सामावतो तोच टिकतो. ही अट वगळून केलेला अर्थ त्यांचा नव्हे, असे आमचे मत आहे.

एप्रिल १९१० मध्ये ते पुदुच्चेरीला पोहोचले आणि पुढची चाळीस वर्षे तेथेच राहिले. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे अध्यक्षपद स्वीकारावे म्हणून डॉ. मुंजे यांनी गळ घातली. त्यांनी नम्रपणे नाकारले.

प्राचीन तत्त्वज्ञान कशासाठी?

१९१४ ते १९२१ या काळात 'आर्य' मासिकातून त्यांनी आपला सगळा विचार मांडला. वेदांचे रहस्य, ईशोपनिषदाचे भाष्य, गीतेवरील निबंध, दिव्य जीवन, सगळे त्यातच प्रथम आले. १९१७ मध्ये विल्यम आर्चर या ब्रिटिश नाट्यसमीक्षकाने हिंदी संस्कृतीला रानटी ठरवणारे पुस्तक लिहिले होते. त्याला उत्तर म्हणून अरविंदांनी लेखमाला लिहिली. ती आजही वाचनीय आहे, कारण तिच्यात नुसता प्रतिवाद नाही. आपल्याकडे ऱ्हास झाला, जिवंतपणा आटला, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. युरोपकडून विज्ञान, स्वातंत्र्याची कल्पना, समतेचा आग्रह घेण्यास त्यांची हरकत नाही. मात्र घेणारा स्वतःच्या पायावर उभा असावा. ज्याला स्वतःचे काही नाही तो घेत नाही, तो नक्कल करतो. आणि ज्याला नवे काही घ्यायचे नाही तो जुने राखीत नाही, त्याचे फक्त अवशेष सांभाळतो.

स्वतःच्या परंपरेशीही ते वाद घालत. वाड्यातल्या त्या खोलीत जग मिथ्या भासले होते. तरी मायावादाला त्यांनी अखेरचे सत्य मानले नाही. ईशोपनिषदाने त्यांना दाखवले की ईश्वर आणि जग, ज्ञान आणि कर्म यांत निवड करायची नसते, दोन्ही एकत्र धरायची असतात. शंभर वर्षे जगावे ते कर्म करीतच. टिळकांचे 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. अरविंदांचे गीतेवरील निबंध त्याच्या पाठोपाठ आले. गीता कर्म सोडायला सांगत नाही, हे दोघांनाही मान्य. अरविंदांनी कर्म, ज्ञान आणि भक्ती यांचा समन्वय अधिक पुढे नेला. मराठी वाचकाला ही भूमिका परकी वाटू नये. जग हा अज्ञानाचा पसारा नसून चैतन्याचाच विलास आहे, हे ज्ञानदेवांनी 'अमृतानुभवा'त सांगितलेच होते.

ग्रीक-लॅटिनवरचे त्यांचे प्रेम कधीच आटले नाही. पुदुच्चेरीत बसून ते ट्रॉयच्या युद्धावर इंग्रजी महाकाव्य लिहीत होते. स्वतःचे सापडले म्हणून दुसऱ्याचे टाकावे लागले नाही. आपली ओळख घट्ट असली की दुसऱ्याची भीती वाटत नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला आमच्या पाहण्यात नाही.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. तो त्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. ५ डिसेंबर १९५० रोजी त्यांनी देह ठेवला.

आपल्या घरांसाठी या चरित्रातून आम्ही एकच गोष्ट घेतो. नातवंडांना काही येत नाही, म्हणून हताश होण्याचे कारण नाही. अरविंदांना विसाव्या वर्षी त्याहूनही कमी येत होते. आणि आपल्याला पाठ आहे म्हणून निश्चिंत होण्याचेही कारण नाही. पाठ असलेले सगळे आपले झालेले असतेच असे नाही. ईशोपनिषदावर अरविंदांनी बडोद्यात लिहायला सुरुवात केली, कितीतरी मसुदे टाकून दिले आणि अखेरचे भाष्य 'आर्य'मध्ये छापले तोवर दहाएक वर्षे उलटली होती. ते उपनिषद अवघे अठरा मंत्रांचे आहे. उत्सवात रोज आरतीनंतर दोन मंत्र अर्थासह वाचले, मुलांनी प्रश्न विचारले आणि मोठ्यांनी ठाऊक नसेल तेथे पुस्तक उघडले, तर नवव्या दिवशी ते पूर्ण होते. दहाव्या दिवशी विसर्जन. यंदा आपल्या मंडळाने हे करून पाहावे, अशी आमची विनंती आहे. गणपती ही विद्येची देवता आहे. तिच्यापुढे एवढे तरी वाचन व्हायला हरकत नाही.